अक्कांचं ला पास

अक्का चालायला लागल्या की बाकीच्यांनी मुकाट मागून यायचं, हा त्यांच्या घरातला नियम लग्नाआधीच माझ्या कानावर आला होता. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. नाव इंदुमती, पण सख्खी मुलगीसुद्धा अक्काच म्हणायची. हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या मुलींच्या शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या आणि राहायच्या धारवाडला, केलगेरीत. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. शाळेतून निवृत्त झाल्या, पण शिट्टी काही निवृत्त झाली नाही. आमच्या लग्नात दुसऱ्या पंगतीला गोंधळ उडाला तेव्हा अक्कांनी ती फुंकली. माझे एक मामा मामलेदार कचेरीत साहेब होते, आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं त्यांनी. ते निमूटपणे रांगेत जाऊन उभे राहिलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

अशा बाईला मी दम लागून फुटपाथवर बसलेलीही पाहिली, आणि तिथूनच खरं तर आमची ओळख सुरू झाली.

मी हुबळीजवळ तारिहाळच्या एका कारखान्यात होतो. धान्य निवडायची यंत्रं आम्ही बनवायचो. बोलिव्हियात किन्वा नावाचं बारीक धान्य पिकतं, आपल्या वरीच्या भावंडांतलं वाटावं असं. तिथल्या लोकांनी आमची यंत्रं घेतली आणि ती नीट चालतात का बघायला मला काही वर्षांसाठी ला पासला धाडलं. नवीन लग्न झालेलं, वंदनाही बरोबर आली. ला पास हे शहर डोंगराच्या खोलगट कुशीत आहे, पण ती कूसच इतकी उंच की नवा माणूस जिना चढला तरी भिंत धरतो. तिथं वंदनाला दिवस गेले आणि अक्कांचा फोन आला.

"बाळंतपण कोण करणार?"

"इथं दवाखाने चांगले आहेत, अक्का."

"दवाखाना बाळंतपण करतो का हो? दवाखाना नुसतं मूल काढून देतो. मी येते."

आल्या. सामानात डिंक, अळीव, सुंठ, खसखस, शेंगदाण्याची चटणी, एक प्रेशर कुकर आणि त्याची जादा रबरं. विमानतळाबाहेर पाऊल टाकल्या टाकल्या त्या नेहमीच्या चालीनं गाडीकडं निघाल्या. मी ट्रॉली ढकलत मागून. दहा-बारा पावलं गेल्या असतील, थांबल्या, इकडं तिकडं बघितलं आणि फुटपाथच्या कडेला बसल्या. ओठ पांढरे पडलेले. मी धावलो तर हातानंच मला लांब थांबवलं.

"काही नाही. बुटाची नाडी बांधायलेय."

नाडी बांधलेलीच होती. दोघांनाही ती दिसत होती. मी दुसरीकडं बघत उभा राहिलो, आणि मला वाटतं, त्या दिवशी मी त्यांना जावई म्हणून पसंत पडलो.

आमची घरमालकीण दोन्या एल्बा, अक्कांच्याच वयाची, गोल चेहऱ्याची. तिनं कसल्याशा पानांचा काढा करून आणला आणि तळहात खाली खाली नेत सांगितलं, हळू. हळू चालायचं, थोडं खायचं.

"निधान म्हणायलीय ती," अक्का मला म्हणाल्या. निधान म्हणजे कानडीत हळू. "जन्मभर मी पोरींना पळा पळा म्हणून ओरडले. आता ही मला निधान शिकवणार!"

शिकल्या मात्र. मुक्ताचा जन्म झाला, बाळंतिणीचे सव्वा महिन्याचे लाड झाले. धुरी दिली, शेक दिला, डिंकाचे लाडू करताना सगळी इमारत वासानं दारात आली. नंतर वंदना हिंडती फिरती झाली तशा अक्का बाहेर पडल्या. आधी कोपऱ्यापर्यंत, मग चौकापर्यंत, मग मिनीबसनं, मग तारेवरून जाणाऱ्या डब्यांतून. ला पासला डोंगर इतके की रस्त्यांऐवजी आकाशातूनच लोक ये-जा करतात. प्रत्येक मार्गाला आपला रंग. अक्कांना स्पॅनिश येत नव्हतं, पण त्यांचं काही अडलं नाही. तिथल्या मिनीबसच्या दारात एकजण लोंबकळत गावाची नावं ओरडत असतो. अक्का म्हणायच्या, "आमच्या हुबळीच्या जुन्या बसस्टँडवर काय वेगळं आहे? पाटी कोण वाचतंय, कान उघडे ठेवायचे." शब्द नव्हे, त्याचा सूर त्या ओळखायच्या आणि त्या सुरात बसायच्या.

मी एकदा काळजीनं विचारलं, हरवलात तर?

"या गावात हरवायचं कसं सांगा बघू. दम लागला की वर चाललोय. नाही लागला की खाली चाललोय. घर मधे आहे."

मी तिथं तोवर दोन वर्षं काढली होती आणि फोनमधला नकाशा पाहिल्याशिवाय घरी पोचत नव्हतो.

खाण्याचं मात्र सोपं नव्हतं. अक्का पक्क्या शाकाहारी, आणि त्या मुलखात मांसाशिवाय जेवण म्हणजे न शिजलेलं जेवण. एकदा मी त्यांना शेंगदाण्याचं सार खायला घेऊन गेलो. शेंगदाण्याचं म्हटल्यावर धारवाडचा माणूस खुलणारच. वाढणाऱ्या बाईला मी दोनदा बजावलं, मांस नको. ती मान डोलवत गेली आणि वाफाळता वाडगा आणून ठेवला. अक्कांनी चमचा घातला तर खालून कोंबडीची तंगडी वर आली. मी उठून तक्रार केली. बाई आश्चर्यानं म्हणाली, मांस कुठं आहे, कोंबडी तर आहे!

मी भाषांतर केल्यावर अक्का बराच वेळ तंगडीकडं बघत राहिल्या.

"कोंबडी काय झाडाला लागते यांच्यात?"

मग वाडगा माझ्याकडं सरकवला आणि पावाबरोबर नुसती लाल चटणी खाल्ली. ती चटणी टोमॅटो आणि तिथल्या जाड्या मिरचीची, दगडावर वाटलेली. एक घास खाऊन त्यांचे डोळे चमकले. "अहो, हा तर आपला रंजकाच, ओल्या लाल मिरचीचा! लसूण राहिलाय फक्त." दुसऱ्या दिवशी दोन्या एल्बाच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तो दगड बघितला, आपल्या पाट्यापेक्षा रुंद, वर डुलणारा अर्धगोल वरवंटा. पदर खोचून वाटायला बसल्या, लसूण घातलाच. दोन्या एल्बानं चाखून कपाळावर हात मारला आणि आणखी मागून घेतली.

सकाळी रस्त्याच्या कडेला जांभळ्या मक्याचं गरम पेय मिळायचं, दाट आणि गोडसर. अक्का त्याला आंबील म्हणायच्या. त्याबरोबर चीज भरलेली, फुग्यासारखी टम्म फुगलेली पुरी. त्या पुरीपायी त्या गारठ्यात शाल गुंडाळून निघायच्या. आणि बटाटे! लाल, काळे, जांभळे, बोटासारखे, गाठीसारखे. "रोज एकादशी आहे इथं," असं म्हणत त्यांनी किन्व्याचीही वऱ्याच्या तांदळासारखी खिचडी करून उपवासाला चालवून घेतली. मी म्हटलं, शास्त्रात किन्वा आहे का? म्हणाल्या, "शास्त्र लिहिणाऱ्यांना इकडं कुणी आणलं नव्हतं. आणलं असतं तर लिहिलं असतं."

एकदा मात्र त्या फसल्या, आणि अशा फसल्या की त्या गल्लीत आजही ती गोष्ट सांगत असतील. बाजारात काळेकुट्ट, सुपारीएवढे वाळवलेले बटाटे मिळतात. डोंगरावरच्या थंडीत रात्री गोठवायचे, पायानं तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचे. वर्षानुवर्षं टिकतात. अक्कांनी ते पाहिले, हातात घेऊन वाजवले आणि ठरवलं की हे वाळवण आहे. वाळवण म्हटल्यावर सांडग्यांसारखं, कुरडयांसारखं तळायचंच. मुक्ताच्या लांबलेल्या बारशाला शेजारपाजार जेवायला बोलावला होता. अक्कांनी कढई चढवली आणि ते बटाटे तसेच्या तसे तेलात सोडले. फुलेनात. आच वाढवली, तरी फुलेनात. शेवटी वर तिखट मीठ भुरभुरवून ताटात वाढले. दोन्या एल्बानं विश्वासानं एक तोंडात टाकला. 'कट्' असा आवाज झाला. मग दोन्या एल्बानं तो बटाटा तोंडातून काढला, टेबलावर आपटून दाखवला आणि पोट धरून हसायला लागली. तिच्या मागोमाग सगळे. अक्का लाल झाल्या, आणि मग त्यांनाही हसू फुटलं. ते आधी रात्रभर भिजत घालायचे असतात! दुसऱ्या दिवशी दोन्या एल्बा स्वतः भिजवलेले बटाटे घेऊन आली आणि दोघींनी मिळून त्यांची भाजी केली. अक्कांनी फोडणीत कढीलिंबाची वाळलेली पानं घातली, धारवाडहून आणलेल्यातली शेवटची.

त्या दिवसापासून ला पास त्यांचं झालं असं मला वाटतं. माणूस एखाद्या गावात फजित झाला आणि गाव त्याच्याबरोबर हसलं, की मग तो तिथला पाहुणा राहत नाही.

बाजारात भाजीवाल्या बायका वजन झाल्यावर वर मूठभर देतात. त्याला तिथं यापा म्हणतात. धारवाडच्या मंडईत अक्का जन्मभर कोसर मागत आल्या, तेच हे. वजनकाटा वर आला की हात पुढं करून ठसक्यात म्हणायच्या, "यापा!" आणि हॅट घातलेल्या, दोन वेण्यांच्या त्या बायका हसत वर दोन कांदे टाकायच्या. चौकात झेब्र्याचा पोशाख केलेली पोरं लोकांना रस्ता ओलांडायला मदत करतात. त्यांच्याशीही अक्कांची गट्टी. एका सकाळी गाड्या ऐकेनात तेव्हा अक्कांनी पर्समधून शिट्टी काढून अशी फुंकली की अख्खा चौक थबकला. झेब्र्यानं खाली वाकून त्यांना नमस्कार केला. मी ऑफिसला चाललो होतो. ओळख न दाखवता पुढं गेलो.

जायची वेळ जवळ आली तेव्हा एका दुपारी आम्ही सगळे डब्यातून घरी येत होतो. मुक्ता अक्कांच्या मांडीवर. खाली एका शाळेचं पटांगण आलं, मुली कवायत करत होत्या. अक्का काचेला नाक लावून बघू लागल्या.

"रांग बघा की कशी! तिसरी मुलगी बाहेर आलीय. टीचर कुठं बघायलीय?"

मग जरा वेळानं, खाली बघतच म्हणाल्या, "हिला याच शाळेत घाला. आणि पहिल्या दिवशी हिला मी नेणार. तुम्ही दोघांनी मधे यायचं नाही."

वंदना म्हणाली, "ये की. तोवर पाच वर्षं आहेत."

"पाच वर्षांत मला काय धाड भरते?"

धारवाडला परतल्यावर त्या दर रविवारी फोन करायच्या. वंदनाशी बाळाचं बोलून झालं की मला मागायच्या. "आज कुठल्या रंगानं गेलात? आंबीलवाली बसती का अजून? दोन्याचा गुडघा कसा आहे?" केलगेरीच्या तळ्यावर फिरताना बरोबरच्या बायकांना त्या 'आमच्या वरच्या गावा'च्या गोष्टी सांगायच्या. बायकांना आधी कौतुक वाटलं, मग त्या वेगळ्या वाटेनं फिरायला लागल्या. अक्का तक्रार नाही करायच्या. मला एवढंच म्हणाल्या एकदा, "इथं सगळं सपाट वाटतंय हो."

तिसऱ्या वर्षी त्यांना तळ्यावरच चक्कर आली. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. औषधावर भागेल, पण उंचावर जायचं नाही, डॉक्टर म्हणाले. हे डॉक्टर त्यांच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीचे यजमान, अक्कांना वचकून असणारे. अक्कांनी त्यांच्याशी भांडण मांडलं. रोज पहाटे हुबळीला जाऊन नृपतुंग बेट्ट चढायला लागल्या. महिनाभर चढून पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"रोज डोंगर चढून येते. बघा आता."

"अक्का, ते टेकाड आहे," डॉक्टर बिचारे हात जोडून म्हणाले. "तुम्ही म्हणताय त्या गावात नुसतं बसून राहिलात तरी जीवावर बेतेल. ब्याड री, दया माडि. नको हो, कृपा करा."

अक्कांनी आम्हाला काही सांगितलं नाही, डॉक्टरांनीच वंदनाला फोन केला. त्या रविवारी मी अक्कांशी बोललो तर आवाज नेहमीचाच. शेवटी म्हणाल्या, "मी पोरींना शिकवत आले, दम टिकवायचा असतो. माझाच टिकला नाही बघा."

मुक्ता पाच वर्षांची झाली. फेब्रुवारीत शाळा उघडणार, त्याच शाळेत नाव घातलेलं. वंदनानं तोडगा काढला. बोलिव्हियात सांताक्रूझ म्हणून दुसरं शहर आहे, खाली मैदानात, हुबळीसारखं गरम आणि सपाट. तिथं अक्कांनी यावं, आम्ही सुट्टीत खाली उतरू. डॉक्टरांनी याला मान डोलावली. अक्का आल्या. वाळल्या होत्या, पण बूट पांढरेशुभ्र. मुक्ता पहिल्यांदा दारामागं लपली. दुसऱ्या दिवसापासून दोघी हातात हात घालून गावभर. तिथंही अक्कांनी मक्याच्या पानात उकडलेले गोड कणसाचे उंडे शोधले, बस शोधल्या, फळवालीकडून यापा मिळवला. पण मी बघत होतो, चालता चालता त्या मधेच थांबायच्या आणि मान वर करून बघायच्या. सपाट गावात वर फक्त आभाळ होतं.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास अक्का केलगेरीच्या घरी झोपेतच गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. आता आम्ही कायमचे परत आलो आहोत, त्यांच्याच घरात राहतो, मी पुन्हा तारिहाळला जातो. मला अक्कांची फार आठवण येते. वंदनाला येते त्याहून वेगळी येते, कारण ते गाव त्यांच्याशी बोलण्यापुरतंच माझं होतं. आता ला पासबद्दल मला कुणी विचारत नाही. माझ्याजवळचं त्यांचं शेवटचं दर्शन सांताक्रूझचं आहे.

आम्ही वर परतायच्या आदल्या दिवसाची दुपार. अक्कांचं विमान दुसऱ्या दिवशी, आमचंही. सकाळी चहा घेताना त्यांनी सहज विचारलं होतं, इथनं वर जाणाऱ्या बस कुठून सुटतात. मी सांगितलं. दुपारी झोपून उठलो तर अक्का खोलीत नाहीत. मुक्ता म्हणाली, "आजी पिशवी घेऊन गेली." मी वंदनाला काही न बोलता टॅक्सी केली.

ला पासची बस लागलेली होती. अक्का खिडकीजवळच्या जागेवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, शाल खांद्यावर. त्या उकाड्यात शाल. मी आत चढलो तशी त्यांनी माझ्याकडं पाहिलं, दचकल्या नाहीत.

"बसा," म्हणाल्या.

मी शेजारी बसलो.

"ही उद्या पोचती ना वर?"

"हो, अक्का."

"डोंगर कधी दिसायला लागतात?"

"पहाटे."

"सोमवारी शाळा."

"हो."

"पासपोर्ट दाखवून तिकीट काढलंय मी. कुणाला फसवून नाही आले. तुम्ही येणार हे ठाऊक होतं." त्यांनी पिशवीचे बंद नीट केले. "मला वर जाऊन दोन दिवस मिळाले तरी पुरेत हो. एक मिळाला तरी. तुम्ही नको म्हणालात तर उतरते. बोला."

नको म्हणणं माझं काम होतं. मनात आलं, जाऊ दे यांना, मीही बसतो, सोमवारी सकाळी पोरीचं बोट त्यांच्या हातात देतो, मग पुढचं काय व्हायचं ते होवो. खाली एकजण दारात उभा राहून ओरडायला लागला, "ला पास, ला पास, ला पास!" अक्का डोळे मिटून ते ऐकत होत्या.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्हाला तिथं काही झालं तर ते मुक्ताच्या डोळ्यासमोर होईल."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं नाही, समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिल्या. मग मान हलवली, एकदाच.

"खरं आहे," म्हणाल्या. "ते नको."

माझा आधार न घेता उठल्या, उतरल्या. बस सुरू झाली, मागं येऊन वळायला लागली. मी म्हटलं, चला अक्का, वंदना काळजी करत असेल. त्या हलल्या नाहीत. ओळखीचं कुणीही आत नसलेल्या त्या बसला त्यांनी हात हलवायला सुरुवात केली. त्यांच्या रिकाम्या जागेवर एक बाई येऊन बसली होती. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनंही काचेतून हात हलवला. बस फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली, गर्दीत दिसेनाशी झाली. अक्कांचा हात तसाच वर होता.